काका, तुम्ही आप्पांच्या हाताला काम दिलंत

आदरणीय काका,

साष्टांग नमस्कार.

गेल्या मंगळवारी निघताना तुम्ही जिन्यात हळूच सांगितलंत, की गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय, आता काही महिने यायला जमणार नाही. मी नुसती मान हलवली. पावणेदोन वर्षं दर मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी तीनला तुम्ही आमच्या घरी, विसरण्याचा आजार झालेल्या आप्पांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, सोबतीला आलात, सहाला गेलात, आणि एवढ्या दिवसांत मी तुमचे धड आभार मानल्याचं मला आठवत नाही. त्या दिवशीही तोंडातून शब्द फुटला नाही. म्हणून लिहितेय. चारचौघांनी वाचावं असं उघड लिहितेय, कारण साखर पेठेत काय नि जुळे सोलापुरात काय, आमच्यासारखी घरं बरीच असणार आणि त्यांची दारं आमच्यासारखीच आतून लावलेली असणार.

तुम्ही यायच्या आधीचं आमचं घर तुम्ही पाहिलेलं नाही. आप्पांनी उमेदीची वर्षं गिरणीत काढली. गिरणी बंद पडल्यावर पूर्व भागातल्या यंत्रमागावर चादरी विणल्या. सत्तरी ओलांडली तरी सकाळी स्वतः पाणी भरणारा, भाजी आणणारा माणूस. तो एक दिवस बाजारातून रिकामी पिशवी घेऊन आला आणि दारात उभा राहून मला म्हणाला, "बाई, इथं आमचं घर कुठं हाय?" मी त्यांची सून. अठरा वर्षं त्यांच्या हातात चहाचा कप देतेय.

पहिल्या डॉक्टरांनी वय झालंय म्हणून सोडून दिलं. नातेवाईक म्हणाले, म्हातारचळ लागलाय. त्यात आमची दोन वर्षं गेली. पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी रक्तातलं बी-१२ आणि थायरॉईड तपासलं, मेंदूचा स्कॅन काढला, आणि सांगितलं की हा अल्झायमर आहे. बरा होणारा नाही, पण सांभाळता येणारा आहे. सांभाळायचं म्हणजे काय, ते मात्र कोणी सांगितलं नाही. मग आम्ही आमच्या परीनं सांभाळायला लागलो. गॅसपाशी जाऊ दिलं नाही. दाढीचं ब्लेड लपवलं. शर्टाची बटणं मी लावायची, भात मी कालवून द्यायचा, बाहेरच्या दाराला कुलूप. मायेनंच केलं हो सगळं. पण सहा महिन्यांत ते दिवसभर पलंगाच्या कडेला मांडीवर हात ठेवून बसायला लागले. ते हात मला अजून दिसतात. चाळीस वर्षं कधी रिकामे नव्हते ते.

अशा आजारी माणसांना सोबत देणाऱ्या संस्थेच्या ताईंबरोबर तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा मी खरं तर नाही म्हणायच्या तयारीत होते. घरात परका माणूस, तोही फुकट येणार. लोक काय म्हणतील ही एक भीती, आणि आप्पा त्याच्यावर ओरडले तर ही दुसरी. ताईंनी स्पष्ट सांगितलं की हे नर्सचं काम नाही. आमचा माणूस औषध-इंजेक्शन बघणार नाही, सोबत करणार. आणि ते जे जे स्वतः करू शकतात ते त्यांच्याकडून सुटू नये, एवढं बघणार. मला त्यात काही मोठं वाटलं नव्हतं.

तुम्ही आप्पांसमोर उभे न राहता खाली सतरंजीवर बसलात. स्वतःचं नाव सांगितलंत. ओळखलं का, असं विचारलं नाहीत. (आम्ही घरातले सगळे दिवसातून दहादा तेच विचारायचो आणि त्यांचा चेहरा पडायचा.) मग तुम्ही तेलुगूत म्हणालात, "बागुन्नारा?" म्हणजे, बरे आहात ना? आप्पा चमकले. गिरणीत त्यांच्या डाव्या-उजव्या हाताला सगळे तेलुगू बोलणारे, तिथं ते शिकले होते; आमच्या घरात ती भाषा कोणाला येत नाही. त्यांनी मोडक्यातोडक्या तेलुगूत काहीतरी उत्तर दिलं आणि हसले. माझे मिस्टर आतल्या खोलीत जाऊन रडले होते त्या दिवशी. तुम्हाला हे सांगितलं नव्हतं.

आणि मग ती सुताची गोष्ट. तिसऱ्या की चौथ्या वेळी तुम्ही अशोक चौकाकडच्या एका कारखान्यातून उरलेल्या सुताच्या कांड्या पिशवीत घालून आणल्यात. काही बोलला नाहीत. एक धागा काढलात, मधोमध तोडलात आणि दोन टोकं आप्पांच्या पुढ्यात धरलीत. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते. आप्पांनी आधी नुसतं बघितलं. मग डाव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी जिभेला लावून ओली केली, दोन्ही टोकं एकमेकांवर आडवी धरली, उजव्या हातानं धागा अंगठ्याच्या नखामागून फिरवला, टोक आत सरकवलं आणि ओढलं. गाठ बसली. इतकी बारीक की बोट फिरवलं तरी लागेना. उरलेली टोकं दातानं तोडली आणि तुमच्याकडे असं बघितलं, जणू नव्या बदली कामगाराला विचारतायत, कळलं का. सकाळी काय खाल्लं ते ज्यांना दहा मिनिटांत आठवत नाही, त्यांनी दोन सेकंदात विणकऱ्याची गाठ मारली.

तुम्ही मला नंतर समजावलंत, की हा आजार आधी नवीन गोष्टी पुसतो. आज काय झालं, कोण आलं, औषध घेतलं का, ते टिकत नाही. हातानं वर्षानुवर्षं केलेलं काम मेंदूत निराळ्या जागी असतं आणि ते बरंच उशिरापर्यंत राहतं. "वहिनी, त्यांच्याकडं काय उरलंय ते बघा, काय गेलंय त्याची यादी आपल्याला पाठच हाय," हे तुमचं वाक्य. त्या दिवसानंतर मी घरात एकेक गोष्ट त्यांना परत द्यायला लागले. शेंगा फोडायचं काम त्यांचं. त्या उखळात कुटून चटणी मी करते, पण तिखट-मीठ बरोबर झालंय का हे त्यांना विचारल्याशिवाय डब्यात भरत नाही. शर्ट, बनियन, पायजमा घालायच्या क्रमानं पलंगावर मांडून ठेवले की ते आपापले कपडे घालतात. वेळ लागतो. वीस मिनिटं लागतात कधीकधी. पण बटण त्यांचं ते लावतात, आणि एखादं वर-खाली झालं तर मी ते नीट करत नाही, हेही तुमच्याकडूनच शिकले. स्टीलच्या चकाकत्या ताटात पांढरा भात त्यांना नीट दिसत नसेल, निळी थाळी आणा, असं तुम्ही म्हणालात. मला पटलं नव्हतं. आणली, आणि ते हातानं जेवायला लागले. आम्ही चार महिने चमच्यानं भरवत होतो त्यांना!

संध्याकाळचा त्रास तुम्हाला माहीतच आहे. पाच वाजले, उन्हं उतरली, की त्यांना गिरणी आठवायची. भोंगा झाला म्हणायचे, दुसऱ्या पाळीला उशीर होतोय, माझा डबा कुठाय. मी सांगायची, आप्पा, गिरणी बंद होऊन किती वर्षं झाली. दर वेळी ती बातमी त्यांना नव्यानं कळायची आणि दर वेळी ते तितकेच हादरायचे. दाराशी झटापट व्हायची. तुम्ही पहिल्यांदा ते बघितलंत तेव्हा शांतपणे चपला घातल्यात, त्यांच्या हातात डबा दिलात आणि विचारलंत, "कुठल्या खात्यात काम तुमचं?" दोघं निघालात. गल्लीच्या टोकापर्यंत, तिथून मारुतीच्या देवळाच्या कट्ट्यावर. ते साच्यांबद्दल, म्हणजे गिरणीतल्या मागांबद्दल बोलत होते, तुम्ही विचारत होतात. अर्ध्या तासानं परत आलात तेव्हा आप्पा म्हणाले, "लई दमलो आज," आणि हातपाय धुऊन जेवायला बसले. एकही वाक्य तुम्ही खोटं बोलला नव्हतात, आणि खरं बोलून त्यांना दुखवलंही नव्हतंत. आता तुम्ही नसता त्या दिवशी माझी मुलगी आजोबांबरोबर तीच फेरी मारते. आधी तिला मैत्रिणी बघतील याची लाज वाटायची.

तोच प्रश्न वीस वेळा आला तरी तुम्ही विसाव्यांदा पहिल्यासारखंच उत्तर देता. हे कसं जमतं, असं मी एकदा विचारलं. तुम्ही म्हणालात, एसटीत तीस वर्षं कंडक्टर होतो, गाडी कधी सुटणार हे चाळीस माणसं विचारतात, आणि चाळिसाव्या माणसाचा त्यात काय दोष? मग थोडं थांबून तुम्ही तुमच्या आईबद्दल सांगितलंत. तिलाही हेच झालं होतं, तेव्हा नाव कोणाला माहीत नव्हतं, आणि तुम्ही ड्युटीवर जाताना तिला खोलीत कोंडून जात होतात. तेवढंच बोललात आणि चहाचा कप उचललात. काका, ते ऐकल्यापासून तुम्ही आमच्याकडे का येता हे मी पुन्हा कधी विचारलं नाही.

पण ज्याच्यासाठी मी जन्मभर तुमची ऋणी राहीन, ती गोष्ट घराबाहेरची आहे. आम्ही हा आजार लपवत होतो. तुम्ही मला म्हणालात, लपवलंत तर हरवतील तेव्हा शोधणार कोण? आणि एका शुक्रवारी तुम्ही मला बरोबर घेऊन गल्लीत फिरलात. किराणावाला, पानटपरी, पिठाची गिरणी, कोपऱ्यावरचा रिक्षा स्टॉप. प्रत्येक ठिकाणी दोन वाक्यं. आप्पांना विसरण्याचा आजार आहे. एकटे दिसले तर रागावू नका, हात धरून ओढू नका, बसवा, पाणी द्या आणि या नंबरवर फोन करा. माझे कान लाल झाले होते लाजेनं. पानटपरीवाला म्हणाला, "माझ्या आजीला पण असंच हाय वहिनी." दोन वर्षं मी रोज त्याच्यासमोरून जात होते.

यंदाच्या जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे आमच्या सिद्धरामेश्वरांच्या यात्रेच्या दिवसांत ते घडलंच. होम मैदानावर शोभेच्या दारूकामाची संध्याकाळ, पाहुणे आलेले, दार उघडं राहिलं आणि आप्पा गेले. आयुष्यभर त्यांनी सिद्धरामेश्वरांची यात्रा चुकवलेली नाही. नंदीध्वज निघाले की पांढऱ्या बाराबंदीतल्या त्या गर्दीत "बोला हर्र" म्हणत अनवाणी चालायचे. त्या गर्दीत माणूस कुठे शोधायचा? चाळीस मिनिटं मी काय केलं ते मला आठवत नाही. मग फोन आला. आपल्या स्टॉपवरच्या एका रिक्षावाल्याला ते मंदिराच्या वाटेवर दिसले होते. त्यानं ओढलं नाही, ओरडला नाही. म्हणाला, आप्पा, दर्शन झालं का, चला सोडतो. शब्दन्‌शब्द तुमचा. आप्पा रिक्षातून राजासारखे उतरले आणि मला प्रसादाचे चुरमुरे दिले. ते त्यांना कुणी दिले, कोण जाणे.

तुम्ही दिलेल्या पत्रकात वाचलं होतं, की २०२३ साली आलेल्या एका अभ्यासानुसार आपल्या देशात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. तेव्हा तो आकडा नुसता वाचून ठेवून दिला होता. आता प्रत्येक गल्लीतून जाताना वाटतं, इथं कोणाच्या घरी असेल. हे पत्र वाचणाऱ्या कोणाच्या घरी असेल, तर आधी नीट तपासणी करून घ्या, वय झालं म्हणून सोडू नका. कोणाशी बोलावं कळत नसेल तर ज्येष्ठांसाठी १४५६७ ही सरकारची मोफत हेल्पलाइन आहे. आणि शेजारी सांगा. मी सांगितलं नव्हतं, म्हणून सांगतेय.

माझ्यापुरतं एक राहिलं. तुम्ही आलात त्या पहिल्या शुक्रवारी म्हणालात, वहिनी, तीन तास तुमचे, कुठंही जाऊन या. मला कुठं जावं तेच सुचेना. शेवटी तळ्याच्या काठावर जाऊन बसले, पाण्यातलं देऊळ बघत. सव्वातासानं घाबरून परत आले. तेव्हा तुम्ही नि आप्पा शेंगा फोडत होतात, आणि तुम्ही घड्याळाकडे बोट दाखवून मला परत बाहेर पाठवलंत. गेलं वर्षभर मी त्या वेळात शिलाईचा क्लास करतेय. पहिलं झबलं गेल्या महिन्यात विकलं.

ऑपरेशनची काळजी करू नका. डबा आमच्या घरून येईल. मिस्टरांनी तुमच्या मुलाशी बोलून ठेवलंय, आता नाही म्हणू नका. संस्थेकडून दुसरे एक दादा येणार आहेत, त्यांना मी आप्पांचं सगळं लिहून देतेय, निळ्या थाळीपासून कट्ट्यापर्यंत. आप्पांना तुमचं नाव येत नाही, तुम्हाला माहीत आहे. पण काल शुक्रवार होता, आणि पावणेतीनला ते आपणहून खुर्ची ओढून दाराशी बसले होते. साडेतीनपर्यंत बसले. मी सुताची पिशवी पुढ्यात ठेवली तेव्हा आत आले.

आजवर त्यांनी जोडलेल्या धाग्यांचा एक गुंडा झालाय, नारळाएवढा. तो मी कपाटात ठेवलाय. तुमचा आहे. गुडघा बरा झाला की न्यायला या, शुक्रवारी तीनलाच या.

तुमची,
आप्पांची सून
सोलापूर