गीतांना त्यांचा आवाज परत जोडून द्या : लिथुआनियाच्या सांस्कृतिक मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय सांस्कृतिक मंत्री,
लिथुआनिया प्रजासत्ताक, विल्निअस

विषय : यादविगा च्युर्लियोनीते यांनी लिपिबद्ध केलेल्या लोकगीतांच्या चाली ध्वनिमुद्रणासह आणि अर्थासह सर्वांना उपलब्ध करून देण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

लोकगीतांची आस्था असलेल्या मराठी वाचकांपर्यंतही हा विषय पोहोचावा म्हणून हे पत्र मराठीत लिहीत आहे. इंग्रजी अनुवाद आपल्या कार्यालयाकडे स्वतंत्रपणे पाठवीत आहे.

च्युर्लियोनिस म्हटले की लिथुआनियाबाहेर आठवतात ते चित्रकार आणि संगीतकार मिकालोयस च्युर्लियोनिस. द्रुस्किनिंकाई येथील एका ऑर्गनवादकाच्या नऊ मुलांमधले ते थोरले आणि यादविगाबाई शेंडेफळ. 1911 मध्ये भाऊ गेला तेव्हा त्या जेमतेम बारा वर्षांच्या होत्या. भावाच्या आठवणी त्यांनी 1970 मध्ये प्रसिद्ध केल्या; परंतु 'च्युर्लियोनिसांची बहीण' एवढीच त्यांची ओळख करून देणे हा त्यांच्या आयुष्यभराच्या कामावर अन्याय आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात विल्निअस पोलंडकडे असताना कौनास ही लिथुआनियाची तात्पुरती राजधानी होती. तेथे 1935 मध्ये लोकसाहित्याचे अभिलेखागार उभे राहिले, खेड्यापाड्यांतील गायक-गायिकांचे आवाज ध्वनिमुद्रित होऊ लागले, आणि त्याच काळात यादविगाबाईंनी लोकगीतांच्या चाली स्वरलिपीत बांधण्याचे काम हाती घेतले, ज्यातून 1938 मध्ये त्यांचा चालींचा मोठा संग्रह प्रसिद्ध झाला. एकोणिसाव्या शतकातील संकलकांपैकी अनेकांचा भर गीतांच्या शब्दांवर होता. बाईंनी चालीला तिच्या स्वतःच्या बळावर अभ्यासाचा विषय मानले.

हे काम किती कठीण असावे, याची कल्पना ईशान्य लिथुआनियातील 'सुतार्तिनेस' ही बायकांची गीते ऐकली की येते. त्यांतल्या तिघींनी गायच्या प्रकारात पहिली गायिका अर्थपूर्ण ओळ गाते; दुसरी तीच ओळ उचलते तेव्हा पहिली ध्रुवपदाकडे वळते; तिसरी आली की पहिली गप्प होते, आणि हे चक्र असेच फिरत राहते. म्हणजे कोणत्याही क्षणी दोनच आवाज, तेही बहुधा एकमेकांच्या शेजारच्या सुरांवर. आमच्याकडे सा आणि रे एकाच वेळी गायले तर बेसूर म्हणतील. तेथे त्या घर्षणातच गाण्याची सारी गोडी आहे. कागदावरची स्वरलिपी सूर दाखवते, पण दोन आवाज एकमेकांवर आदळून निर्माण होणारा कंप दाखवू शकत नाही. युनेस्कोने 2010 मध्ये या गीतांना मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले.

दुसऱ्या महायुद्धानंतर, सोव्हिएत अमलाखाली हद्दपारी आणि सामूहिक शेती यांनी गावांची घडी विस्कटत असताना, बाई संगीत महाविद्यालयात शिकवीत राहिल्या आणि लोकसंगीताच्या अभ्यासकांची पिढी घडवली. लिथुआनियन लोकगीतांच्या स्वररचनेवरील त्यांचा ग्रंथ 1969 मध्ये आला. 1992 मध्ये त्यांचे निधन झाले. देश पुन्हा स्वतंत्र झालेला त्यांनी पाहिला, याचे मला फार समाधान वाटते.

माझी विनंती अशी की, बाईंच्या संग्रहातील ज्या चालींची जुनी ध्वनिमुद्रणे उपलब्ध आहेत, त्यांची स्वरलिपी, मूळ आवाज, शब्द आणि इंग्रजी अर्थ एकाच ठिकाणी, कोणालाही विनामूल्य ऐकता-वाचता येईल अशा रीतीने मांडावेत. महाराष्ट्रात हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हिन यांनी गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. आज त्यांतल्या अनेक ओव्या 'पारी' (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या ग्रामीण भारताविषयीच्या संकेतस्थळावर गाणाऱ्या बाईचे नाव, गाव, आवाज आणि इंग्रजी अनुवादासह ऐकता येतात. लिथुआनियन गायिकांचीही नावे आणि गावे अशीच प्रत्येक गीतासोबत द्यावीत. या कामाची सुरुवात सुतार्तिनेसपासून करावी, आणि बाईंच्या 1969 च्या ग्रंथाचा संपूर्ण इंग्रजी अनुवादही त्यासोबत वाचकांना खुला असावा, ही आग्रहाची विनंती.

आपली नम्र,
लोकगीतांची एक मराठी अभ्यासक