आडोशातला ससा उठवणारा कुत्रा निवडताना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत परदेशी शिकारी कुत्र्यांविषयी आलेला लेख मी येथे इंग्लंडमध्ये वाचला. विषय मराठीत क्वचितच येतो, म्हणून लेख आवडला. मात्र त्यातील दोन विधानांबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही. झुडपातून ससा बाहेर काढायला कोणतीही शुद्ध शिकारी जात चालते, हे पहिले विधान. दोन जातींचा संकर केला की दोन्हींचे गुण पिल्लात आपोआप उतरतात, हे दुसरे. मी मूळची सातारा जिल्ह्यातली पशुवैद्यक असून बरीच वर्षे इंग्लंडच्या पश्चिमेकडील हेरफर्डशायर परगण्यात गुरे, मेंढ्या आणि शेतावरची कुत्री यांच्यावर उपचार करते. ही दोन्ही विधाने खरी मानून घेतलेल्या कुत्र्यांचे पुढे काय होते, ते मला रोजच्या कामात दिसते.

प्रथम ससा आणि त्याचा आडोसा यांविषयी सांगायला हवे, कारण कुत्र्याची निवड तिथूनच सुरू होते. येथील ससा मूळचा स्पेन-पोर्तुगालकडचा. नॉर्मन राजवटीत मांसासाठी आणि कातड्यासाठी तो ब्रिटनमध्ये आणला गेला व पुढे रानोमाळ पसरला. तो जमिनीत बिळे करून कळपाने राहतो. आपल्याकडच्या माळावरचा ससा बीळ करत नाही आणि एकटा बसतो, तेव्हा दोघांच्या सवयी अगदी निराळ्या आहेत. सात ते दहा ससे मिळून एका मेंढीइतके गवत खातात, असा हिशेब इथले शेतकरी धरतात, आणि कोवळ्या गव्हाच्या कडेचे पट्टे ज्याने पाहिले आहेत त्याला तो पटतो. १९५३ मध्ये मिक्सोमॅटोसिस हा विषाणूजन्य रोग ब्रिटनमध्ये आला आणि दोनेक वर्षांत बहुतेक सारे ससे मेले. तरीही १९५४ च्या कायद्याने जमीनधारकावर टाकलेली सशांच्या बंदोबस्ताची जबाबदारी आजही कायम आहे. २००४ च्या कायद्याने इंग्लंड व वेल्समध्ये कुत्र्यांकरवी रानटी सस्तन प्राण्यांची शिकार करण्यास बंदी घातली, पण जमीनमालकाची परवानगी असेल तर ससे आणि उंदीर यांना त्यातून वगळले. मोठ्या रानसशाला, म्हणजे हेअरला, ही सूट नाही. स्कॉटलंडचे नियम याहून कडक आहेत.

दिवसा बरेच ससे बिळात असतात. त्यांना बाहेर काढायला मुंगसासारखा लांबट, पाळीव फेरेट बिळात सोडतात आणि बिळाच्या तोंडाशी जाळे लावतात. कुत्र्याचे काम असते ते बिळाबाहेर, शेताच्या कुंपणात आणि काटेरी झुडपांच्या जाळीत दबा धरून बसलेल्या सशाशी. ही जाळी कसली असते, हे आपल्या करवंदीच्या जाळ्यांत हात घातलेल्यांना सांगायला नको. रानटी ब्लॅकबेरीचे वेल एकमेकांत गुंतून कमरेएवढी गंजी होते, ब्लॅकथॉर्नचा काटा कातडीत मोडून राहतो आणि तिथे पू धरतो, गॉर्सचे झुडूप तर बाराही महिने टोचते. अशा ठिकाणी ससा अंग चोरून बसतो आणि माणूस हातभर अंतरावरून गेला तरी हलत नाही. कुत्र्याने तिथे आपणहून शिरायचे, वासावर नेमकी जागा धरायची आणि ससा बंदूकवाल्याच्या बाजूला उठवायचा. त्यानंतर त्याने जागच्या जागी बसायचे. माझ्या मते हे बसणेच या कामातले सर्वांत अवघड शिक्षण आहे, कारण सशामागे धावणारा कुत्रा छऱ्यांच्या वाटेत येतो.

या कामासाठी शतकानुशतके घडवली गेलेली जात म्हणजे स्पॅनियल. एकोणिसाव्या शतकात एकाच वेतातली पिल्ले वजनावरून वेगळी काढत. २५ पौंडांच्या आतले कॉकर आणि त्यावरचे स्प्रिंगर. स्प्रिंगरला केनेल क्लबने, म्हणजे कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या ब्रिटिश संस्थेने, १९०२ मध्ये स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली. आज दोघांत फरक आहे तो उंचीचा आणि स्वभावाचा. स्प्रिंगर सुमारे ५० सेंटिमीटर उंच, जोरकस, रुंद शेत डावीउजवीकडे नांगरल्यासारखे पालथे घालणारा. कॉकर त्याच्यापेक्षा हातभर पुढच्या जाळीतच अधिक रस घेणारा, खालून शिरणारा आणि काहीसा हट्टी. उंच नेचे आणि मोकळ्या पट्ट्यांत मी स्प्रिंगर सुचवीन. जुनी, तळाशी पोकळ झालेली कुंपणे असतील तर कॉकर. दोघांनीही बंदुकीच्या टप्प्यात, म्हणजे मालकापासून पंचवीस-तीस यार्डांच्या आत राहायला हवे. जो कुत्रा साठ यार्डांवर ससा उठवतो, त्याचे नाक कितीही चांगले असले तरी त्याचा मालकाला उपयोग नाही.

चांगला कॉकर जाळीशी काम करताना जवळून पाहावा. आधी तो वाऱ्याच्या खालच्या अंगाने येतो आणि शेपूट नेहमीच्या लयीत हलत असते. मग एका जागी शेपटीचा वेग एकदम दुप्पट होतो, मागचा भाग थरथरू लागतो, डोके खाली जाते आणि तो काट्यांकडे न बघता आत घुसतो. आत फांद्या हलतात, एक-दोन क्षण काही ऐकू येत नाही, आणि पलीकडून ससा सुटतो. शेपटीतला हा बदल ओळखता आला की मालकाला तयारीला दोन-तीन सेकंद मिळतात. न भुंकता काम करणे हा इथे गुण मानला जातो आणि क्षेत्रपरीक्षांमध्ये, म्हणजे शिकारी कुत्र्यांच्या रानातल्या स्पर्धांमध्ये, भुंकणारा स्पॅनियल बाद होतो.

इथेच शुद्ध जातीविषयीचे पहिले विधान कोलमडते. प्रदर्शनासाठी पैदास केलेला कॉकर आणि कामासाठी पैदास केलेला कॉकर यांची नोंद एकाच जातीत होते, दोघांची कागदपत्रे तितकीच शुद्ध असतात. पण पहिल्याचे कान लांब, केस दाट आणि रेशमी, डोळ्यांच्या पापण्या सैल असतात. जाळीत अर्धा तास गेला तर त्याच्या केसांत इतका गुंता आणि इतके काटे अडकतात की कात्री घेऊन बसावे लागते. उन्हाळ्याच्या शेवटी गवताची कुसळे कानात आणि बोटांच्या बेचक्यात शिरून आत सरकत जातात. असे कुसळ भूल देऊन काढण्याचे काम आमच्या दवाखान्यात त्या मोसमात सतत चालू असते, आणि लांब, केसाळ कानांची कुत्री त्यात पुढे असतात. तेव्हा पिल्लाच्या वंशावळीत प्रदर्शनाचे विजेते किती आहेत, यापेक्षा आई आणि बाप प्रत्यक्ष जाळीत शिरताना कोणी पाहिले आहेत का, हे विचारावे.

टेरियर जातींबद्दल थोडक्यात सांगते. बॉर्डर टेरियर किंवा जॅक रसेल यांना धैर्य कमी नाही, अंगावरचा केस राठ असल्याने काटे कमी लागतात, आणि लहान बांध्यामुळे ते कुठेही शिरतात. अडचण अशी की बिळात उतरणे त्यांच्या रक्तात आहे. ससा बिळात गेला की टेरियरही मागोमाग जातो, आणि मग फावडी घेऊन खणत बसावे लागते. शिवाय ते थांबायला शिकतात ते फार उशिरा. जाळीचे काम शिकवून घेण्याची चिकाटी असेल त्यानेच टेरियर घ्यावा.

बीगलचा उल्लेख आपल्या लेखात ससा उठवणारा सर्वोत्तम कुत्रा म्हणून झाला आहे. अमेरिकेत ते बऱ्याच अंशी खरे आहे, पण का खरे आहे हे पाहिले पाहिजे. तिथला कॉटनटेल ससा स्वतः बीळ खणत नाही. हुसकावल्यावर तो आपल्या ओळखीच्या परिसरात मोठे वर्तुळ घेऊन जवळपास तिथेच परततो. बीगल मागावर सावकाश, एकसारखा ओरडत चालतो, त्याच्या आवाजावरून शिकाऱ्याला ससा कुठे आहे हे कळते, आणि तो उठल्या जागी वाट पाहतो. इंग्लंडमधला ससा मात्र सुटला की सरळ बिळाकडे धावतो आणि काही सेकंदांत दिसेनासा होतो. तिथे लांब माग काढण्याच्या बीगलच्या कौशल्याला वावच उरत नाही. इंग्लंडमध्ये बीगल पूर्वापार कळपाने, रानसशाच्या मागावर वापरले जात, ते याच कारणाने. एकाच कुत्र्याची किंमत सशाच्या सवयींवरून अशी बदलते. ज्या देशातून हा ससा आला, त्या पोर्तुगालमध्ये लोकांनी पोडेंगो घडवला, जो कान, नाक आणि डोळे तिन्ही वापरतो. फ्रान्सच्या वांदे भागात काटेरी रानासाठी आखूड पायांचा आणि राठ केसांचा बॅसेट तयार झाला.

आता संकराविषयी. येथे बुशिंगसाठी, म्हणजे झुडपे धुंडाळण्यासाठी, मिश्र कुत्री पुष्कळ वापरली जातात आणि त्यात गैर काही नाही. स्प्रिंगर आणि कॉकर यांचा संकर, ज्याला स्प्रॉकर म्हणतात, हा त्यातला सर्वांत भरवशाचा, कारण दोन्ही आईबाप एकाच कामासाठी घडलेले असतात आणि पिल्लाने कोणाचेही गुण घेतले तरी ते चालतात. बीगल आणि टेरियर यांच्या संकराचे तसे नाही. बीगलचे नाक आणि टेरियरची हिंमत मिळावी, या आशेने तो केला जातो. एखादे पिल्लू तसे निघतेही. पण त्याच वेतातले दुसरे पिल्लू टेरियरसारखे बिळात घुसणारे आणि बीगलसारखे हाक न ऐकणारे निघते, आणि त्याला घर शोधण्याची वेळ येते. पहिल्या पिढीची पिल्ले दिसायला बरीचशी सारखी असतात. पुन्हा त्यांचा आपसांत संकर केला की दुसऱ्या पिढीत सगळे गुण विखुरतात, आणि नेमकी तीच पिल्ले पहिल्यांच्या नावाखाली विकली जातात. बेडलिंग्टन टेरियर आणि व्हिपेट हा सडपातळ, वेगाने धावणारा कुत्रा यांच्यापासून होणारा लर्चर हे उपयोगी संकराचे जुने उदाहरण आहे, पण तो जाळीबाहेर थांबून सुटलेला ससा धरण्यासाठी असतो. त्याच्या पातळ कातडीला जाळीत पाठवणे क्रूरपणाचे आहे. अशा फाटलेल्या कातडीला टाके घालताना मला राग येतो, आणि तो कुत्र्यावर नसतो.

संकरित कुत्रा आजारी पडत नाही, हा समजही लेखातून दृढ होतो, तो धोकादायक आहे. दोन जातींत एकच सदोष जनुक असेल तर संकराने संरक्षण मिळत नाही. दृष्टी हळूहळू नष्ट करणाऱ्या नेत्ररोगाचा एक जनुकीय प्रकार कॉकरमध्येही आढळतो आणि पूडल या कुरळ्या केसांच्या जातीतही. त्यामुळे या दोघांच्या लोकप्रिय संकरातली पिल्लेसुद्धा आंधळी होऊ शकतात. पायाच्या वेदना न जाणवल्यामुळे कुत्रा स्वतःचेच पंजे चावून काढतो, असा एक आनुवंशिक विकार कॉकर आणि स्प्रिंगर या दोन्ही जातींत आहे, म्हणजे स्प्रॉकर घेतानाही दोन्ही बाजूंची चाचणी हवी. आज ही चाचणी गालाच्या आतल्या बाजूच्या साध्या बोळ्यावरून होते. जो पैदासकार आईबापांचे अहवाल दाखवत नाही, त्याच्याकडून शुद्ध घ्यायचे नाही आणि संकरितही नाही.

हे सारे महाराष्ट्रातल्या वाचकांना सांगण्याचे कारण उघड आहे. पुण्या-मुंबईत बीगल आणि कॉकर घरोघरी दिसू लागले आहेत, आणि सुट्टीत घरी आले की ओळखीचे लोक विचारतात की हा दिवसभर का ओरडतो, फिरायला नेला की जमिनीला नाक लावून हिसके का देतो. तो त्याच्या पूर्वजांचे काम करत असतो. त्याला रागावून उपयोग नाही. रोज मोकळ्यावर तासभर वास घेत फिरू द्यावे, घरात लपवलेला खाऊ शोधायला लावावे, म्हणजे तो शांत होतो. कामाच्या वंशातले पिल्लू तर सदनिकेत घेऊच नये, ते जाळीत जितके उत्तम, तितकेच चार भिंतींत दुःखी असते.

आणखी एक गोष्ट, जी लेखात राहून गेली आणि जी राहायला नको होती. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सशाच्या शिकारीला बंदी आहे. त्या कायद्यातील शिकारीची व्याख्या फक्त मारण्यापुरती नाही. पकडणे, कुत्र्यांकरवी पाठलाग करणे, हाकून काढणे आणि तसा प्रयत्न करणेसुद्धा तीत येते. म्हणजे येथे मी वर्णन केलेले काम महाराष्ट्राच्या माळावर केले तर ससा जिवंत सुटला तरी तो गुन्हाच ठरतो. कारवानी आणि पश्मी ही आपल्या मुलखातली कुत्री नजरेवर धावणारी आहेत, जाळीत शिरणारी नाहीत. त्यांचा स्पॅनियल किंवा बीगलशी संकर करून शिकारी कुत्रा बनवण्याचा सल्ला लेखाच्या शेवटी दिला आहे. त्याने सशाचा जीव जाईल आणि जपून ठेवलेली देशी अवलादही बिघडेल. पुढील रविवारी त्याच पुरवणीत, त्याच आकारात, कायद्याची ही बाजू आणि हा सल्ला मागे घेतल्याची नोंद छापावी, अशी माझी विनंती आहे.

आपली विश्वासू,
एक मराठी पशुवैद्यक
हेरफर्डशायर, इंग्लंड