चि. मीरास, ऑफर स्वीकारण्याआधी

चि. मीरा,
अनेक आशीर्वाद.

नोकरीच्या दोन्ही ऑफर वाचल्या. उत्तर द्यायला थोडेच दिवस आहेत, म्हणून थेट मुद्द्यावर येते.

शेवटच्या वर्षाची मुलं पॅकेजचा आकडा, कंपनीचं नाव आणि मित्रमैत्रिणी कुठे चाललेत हे पाहून ठरवतात. त्यात गैर काही नाही. पण ज्या गोष्टींमुळे आपण ऑफर घेतो, त्यांच्यामुळेच पुढे काम आवडतं असं नाही. फ्रेडरिक हर्झबर्ग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सुमारे २०० इंजिनिअर आणि अकाउंटंटना कामातले चांगले-वाईट प्रसंग विचारले होते. तो अभ्यास १९५९ साली प्रसिद्ध झाला. वाईट प्रसंगांत कंपनीची धोरणं आणि वरिष्ठांची देखरेख पुन्हा पुन्हा आली, चांगल्या प्रसंगांत पार पाडलेलं काम, मिळालेली दाद, जबाबदारी. पगार त्यांनी पहिल्या गटात ठेवला: कमी असला तर सलतो, भरपूर असला म्हणून काम आवडू लागत नाही. या पद्धतीवर पुढे टीका झाली, कारण असे प्रसंग सांगताना माणूस यशाचं श्रेय स्वतःकडे घेतो आणि अपयशाचं खापर दुसऱ्यावर फोडतो. तरी नोकरी निवडताना हा फरक ध्यानात ठेवच.

आकडा मात्र नीट फोडून बघ. समज, पॅकेज १०० आहे. त्यात ठरलेला पगार ६२, कामगिरीवर अवलंबून १२, जॉइनिंग बोनस १०, शेअर्स १६. दुसऱ्या वर्षी जॉइनिंग बोनस नसतो. कामगिरीचे निम्मेच मिळाले आणि कंपनी बाजारात नोंदलेली नसल्यामुळे शेअर्स विकता आले नाहीत, तर हाती येतात ६८, तेही कर कापण्याआधी. शेअर्स बहुधा चार वर्षांत टप्प्याटप्प्याने मिळतात आणि वर्ष पुरं होण्याआधी सोडलं तर अनेकदा एकही मिळत नाही. जॉइनिंग बोनस किती महिन्यांच्या आत सोडल्यास परत करावा लागतो, बाँड म्हणजे ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा करार आहे का, नोटिस पिरियड किती, हे ऑफर लेटरमध्ये शोध. तोंडी आश्वासन धरू नकोस.

खरी चौकशी कामाची कर. नव्यांची टीम बऱ्याच ठिकाणी रुजू झाल्यावर ठरते. डिझाइनची आवड सांगून गेलेली मुलगी सपोर्टला बसते ती यामुळेच. म्हणून टीमचं नाव ईमेलवर लिहून माग. होणाऱ्या मॅनेजरला विचार, ‘सहा महिन्यांनी माझ्या हातून काय झालेलं असावं?’ उत्तर मोघम आलं तर बहुधा तुझं काम अजून ठरलेलंच नाही. एचआरपेक्षा तिथे एक-दोन वर्षं काढलेल्या कुणाशी बोल, आणि ‘कंपनी कशी आहे’ असं विचारू नकोस, त्याला सगळे ‘छान’च म्हणतात. गेल्या महिन्यात स्वतः काय केलं, ते कुणी तपासलं, चूक निघाली तेव्हा काय झालं, हे विचार. तपासणारा अनुभवी माणूस शेजारी असणं मला पहिल्या नोकरीत पगारातल्या फरकापेक्षा मोलाचं वाटतं. शिकाऊ इंजिनिअरचं काम कुणी पाहतच नसेल, तर चुकीच्या सवयी पक्क्या होतात आणि पुढच्या मुलाखतीत त्या उघड्या पडतात.

नोकरी कोणत्या गावात घ्यावी याबद्दल बाबांचं मत वेगळं आहे, ते फोनवर सांगतील. टीमबद्दलचं ईमेल आजच पाठव; उत्तर यायला वेळ लागला तर मुदत वाढवून माग, बऱ्याच कंपन्या देतात.

तुझी,
आई