लोखंडी कूलर आणि अर्थिंगची पिन

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा 45 अंशांपर्यंत जातो, घरोघरी लोखंडी कूलर सुरू होतात आणि शॉक लागून जीव गेल्याच्या बातम्याही येतात. दोष बहुधा टाकीतल्या पंपाचा. त्याच्या वायरचे आवरण तडकले की वीज पाण्यात आणि पत्र्यात उतरते. त्यात प्लगची जाड पिन, म्हणजे अर्थिंगचीच, कापलेली किंवा कूलर दोन पिनांच्या बोर्डावर जोडलेला, मग गळलेल्या विजेला जमिनीत जायला वाटच राहत नाही! एमसीबीवर, म्हणजे जादा भार आला की वीज तोडणाऱ्या स्विचवर, विसंबू नका. ती काही अँपिअरला पडते, माणसाला मात्र 50-100 मिलिअँपिअरही घातक ठरतात. 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (एवढी वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवावी आणि महिन्यातून एकदा तिचे 'टेस्ट' बटण दाबून ती पडते का पाहावे.

पाणी भरताना नुसते बटण बंद करून भागत नाही. जुन्या वायरिंगमध्ये ते कधी न्यूट्रलवर असते, म्हणजे बंद केले तरी कूलरमध्ये वीज येतच राहते, म्हणून प्लगच काढावा. ओल्या फरशीवर अनवाणी मुलांना तर या कामाला कधीच पाठवू नये.

टाकी दर आठवड्याला रिकामी करून घासावी. डेंग्यूच्या डासाची अंडी तिच्या कडांना चिकटतात, नुसते पाणी बदलून जात नाहीत.

– एक वाचक, भुसावळ