‘पक्का रंग’ म्हणजे कशापुढे पक्का?

महोदय,

कापडाच्या चिठ्ठीवर ‘पक्का रंग’ एवढेच छापलेले असते. पण पक्का कशापुढे? धुण्यापुढे की उन्हापुढे? या दोन वेगळ्या कसोट्या आहेत. माझा निळा पडदा कितीही धुतला तरी पाण्यात रंग सोडत नव्हता; दोन उन्हाळ्यांत मात्र काचेकडची बाजू राखाडी झाली आणि चुणीच्या आत दडलेला पट्टा तेवढा नवा राहिला.

गंमत म्हणजे प्रयोगशाळेतली चाचणीही जवळपास हेच करते. कापडाची पट्टी थोडी झाकून झेनॉन दिव्यापुढे ठेवतात. योग्य फिल्टर लावले की या दिव्याचा प्रकाश उन्हाच्या बराच जवळ जातो. शेजारी निळ्या लोकरीचे आठ प्रमाणित तुकडे असतात. १ क्रमांकाचा चटकन विटणारा, ८ क्रमांकाचा सर्वांत चिवट, आणि प्रत्येक पुढचा मागच्याच्या साधारण दुप्पट टिकणारा. कापड ज्या तुकड्याइतके विटते, त्याचा क्रमांक हेच कापडाचे गुण. म्हणजे ३ आणि ६ यांत दुपटीचा नव्हे, सुमारे आठपट फरक! तंबू, छत्र्या अशा उघड्यावरच्या कापडासाठी आयएसओ १०५-बी०४ ही चाचणी आहे. तीत प्रकाशासोबत पाण्याचे फवारेही मारतात, कारण ओले कापड उन्हात वेगळेच वागते.

एवढी परीक्षा घेऊन मिळालेले गुण ग्राहकाला मात्र क्वचितच दिसतात. निदान पडदे आणि छत्र्यांच्या चिठ्ठीवर तरी हा एक आकडा छापावा. त्याला जागा लागते ती जेमतेम नखाएवढी.

– एक वाचक