घारापुरीच्या अनाम हातांचे आभार

गेटवेवरून घारापुरीला जाणाऱ्या व्हीलचेअरवरच्या प्रवाशांना धक्क्यावर, बोटीत आणि पायऱ्यांवर ज्यांनी हात दिला, त्या सगळ्यांचे मनापासून आभार. नावं ठाऊक नाहीत, म्हणून हे जाहीरपणे.

सगळ्यात अवघड जागा बोटीची कड. भरती-ओहोटीप्रमाणे बोट धक्क्याच्या वर-खाली होते आणि मधली फट लाटेसरशी रुंदावते. अशा वेळी दोर आवळून धरणाऱ्या, लाट ओसरेपर्यंत थांबणाऱ्या खलाशांनो, पहिला नमस्कार तुम्हाला. खुर्ची उचलताना तुम्ही हात टेकायचे किंवा पाय ठेवायचे भाग धरत नाही, लोखंडी सांगाडाच धरता. ते भाग बहुधा सुटे असतात. ऐन वेळी निखळले तर माणूस कलंडतो. खाली टेकवल्याबरोबर दोन्ही ब्रेकही लावता.

पुढे सुमारे १२० पायऱ्या. डोलीवाले दादा, चढताना पुढचे दोघे दांडा खाली धरता, मागचे खांद्यावर घेता, म्हणून बैठक सपाट राहते. त्याहून मोठं काम म्हणजे व्हीलचेअरची गादी आठवणीने डोलीत घालणं. कमरेखाली संवेदना नसेल तर कठीण फळी टोचलेली कळत नाही, आणि त्या जखमा महिनोन्‌महिने भरत नाहीत.

वाटेतला माल आत ओढून रस्ता मोकळा करणाऱ्या दुकानदार मावशींचे आभार. आणि रिकामी खुर्ची आधीच वर नेऊन, उघडून ठेवणाऱ्या पोरांचेही.