बहात्तर खिळे आणि एक मेनू

महोदय,

आपल्या पुरवणीत मुलांच्या मोबाइलवेडावर लेख आला होता. आजी-आजोबांनी मुलांजवळ बसून ती काय करतात ते पाहावं, असा त्यात सल्ला होता. मी बसलो. हे पत्र त्याचा परिणाम आहे.

माझी नात आता सहावीत जाईल. ती टॅबवर जो गेम उघडते तो खेळत नाहीच, त्यातल्या लेव्हल एडिटरमध्ये बसते. म्हणजे खेळाचं मैदान आपणच बांधायचं. भिंती, जिने, खड्डे, शत्रू आपण मांडायचे आणि मग दुसऱ्या कुणी तरी त्यात धडपडायचं. सोय तशी जुनी आहे. १९८३ सालच्या ‘लोड रनर’ या खेळातही ती होती, असं आमचे जावई सांगतात. १९८३ साली मी नारायण पेठेत एका छापखान्यात जुळारी होतो. खिळे जुळवत होतो. नव्या वाचकांसाठी सांगतो, शिशाच्या एकेका सुट्या अक्षराला आम्ही खिळा म्हणायचो.

नातीनं शनिवारवाडा करायला घेतला. सांगोवांगी नको म्हणून एका सकाळी आम्ही दोघं वही घेऊन दिल्ली दरवाज्यासमोर जाऊन आलो. वाड्याची पायाभरणी १७३० सालची, दरवाजे पाच, बुरूज नऊ. दिल्ली दरवाज्याच्या प्रत्येक झडपेवर अणकुचीदार लोखंडी खिळे आहेत, एकेक सुमारे बारा इंचांचा. हत्तीनं डोक्यानं धडक देऊन दार फोडू नये, यासाठी ते त्याच्या कपाळाच्या उंचीवर बसवलेले. नातीनं मोजले. नऊ आठे बहात्तर. दोन झडपांचे एकशे चव्वेचाळीस. शेजारी सेल्फी काढणाऱ्या एका मुलीनं तिला विचारलंसुद्धा, “शाळेचा प्रोजेक्ट का गं?” ती म्हणाली, “नाही, घरचा.”

इथवर सगळं छान होतं. खरं दुखणं वस्तूंच्या मेनूचं आहे.

एक खिळा बसवायचा तर काय करावं लागतं पाहा. मेनू उघडा. तो नेहमी ‘जमीन’ या पहिल्या खणावरच उघडतो, मग तुम्ही आत्ताच तिसऱ्या खणातून काही उचललेलं असलं तरी. ‘धोके’ या खणावर जा. खाली सरकवत न्या. वस्तू निवडा. दारावर ठेवा. आता तिचं टोक आभाळाकडे आहे, ते आपल्याकडे वळवा. सहा कामं झाली आणि मेनू मिटून गेला. दुसऱ्या खिळ्याला पुन्हा ‘जमीन’पासून सुरुवात. बहात्तर सक चारशे बत्तीस. ही एक झडप. ‘नक्कल करा’ अशी सोय आहे, पण नक्कलही टोक वर करूनच जन्माला येते.

आमच्या छापखान्यात असं मांडणाऱ्याला फोरमननं दुपारपर्यंतही ठेवलं नसतं. डाव्या हातात स्टिक (खिळे जुळवायची पट्टी), उजवा हात केसवर (खिळ्यांच्या खणांच्या पेटीवर) आणि डोळे हस्तलिखितावर, असं आमचं काम. केसकडे बघायचंच नाही. देवनागरीत जोडाक्षरं धरून खिळ्यांचे प्रकार शेकड्यांनी, तरी हात बरोबर जायचा. कारण ती मांडणी बाराखडीप्रमाणे नव्हतीच. काना, त, र, य असे सतत लागणारे खिळे मोठ्या खणांत, हाताच्या पुढ्यात. ङ बिचारा पार कोपऱ्यात. इंग्रजी केसमध्येही ‘ई’चा खण सगळ्यांत मोठा आणि मध्यावर. आणि काहीही झालं तरी खण जागा सोडायचा नाही. मी रुजू झालो त्या आठवड्यात दोन खणांतले खिळे एकमेकांत मिसळले होते. जुन्या जुळाऱ्यांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती अजून आठवते. पॉल फिट्स नावाच्या एका अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९५४ साली म्हणे सूत्रच मांडलं, की हात लक्ष्यापर्यंत किती वेळात पोचेल ते अंतरावर आणि लक्ष्याच्या आकारावर ठरतं. आमच्या उजव्या खांद्याला ते सूत्राविना ठाऊक होतं.

गेल्या महिन्यात गेम अपडेट झाला. मेनूच्या वर ‘तुमच्यासाठी’ अशी पाच वस्तूंची पट्टी आली. तुम्हाला पुढे काय लागेल ते गेम स्वतःच ओळखतो म्हणे. ओळखतो, पण दर वेळी वेगळं. नातीनं डावीकडून दुसरी वस्तू म्हणून खिळा धरला, बोट तिथे पोचेस्तोवर तिथे भलतंच आलं होतं. त्याचं नाव होतं ‘वसंत’. आम्ही दोघंही चक्रावलो. खेळून पाहिलं, तर दिल्ली दरवाज्याचा पहारेकरी त्यावर पाय पडताच उडाला तो थेट बुरुजापलीकडे, मुठेच्या दिशेनं. ती उसळी मारणारी स्प्रिंग होती. भाषांतर करणाऱ्यानं ऋतू केला.

मराठी मेनूबद्दल मला खरं तर अभिमान वाटायला हवा होता. क्रम बघा: कमान, पिंप, घंटा, पूल. हा कुठला क्रम, मी तासभर विचार करत होतो. नातीनं उलगडा केला, आर्च, बॅरल, बेल, ब्रिज! शब्द मराठी केले आणि रांग इंग्रजीच ठेवली. ‘शोधा’मध्ये ‘खिळा’ टंकलं तर काही सापडत नाही, कारण त्याचं इथलं नाव ‘काटा’ आहे. ‘स्पाइक’ टंकलं तर लगेच हजर. मग मराठी कुणासाठी केली?

कंपनीला मी सविस्तर लिहिलं. ‘आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे’ असं उत्तर चार सेकंदांत आलं. इतक्या वेळात माझं पत्र वाचणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही. जावई हिंजवडीत अशाच कामात आहेत. त्यांचं म्हणणं, असे मेनू करणारे लोक ते दाखवण्यापुरते एकदा उघडतात, दिवसभर वापरत नाहीत. असेल. पण मग ज्याला एकशे चव्वेचाळीस खिळे ठोकायचे आहेत अशा कुणाला तरी शेजारी बसवावं. आमची नात सुट्टीत मोकळी होती.

तुमच्या वाचकांत अशा कामातली मंडळी पुष्कळ असणार, म्हणून हे इथे लिहितो. मागणी मोठी नाही. मेनू जिथे मिटला तिथेच उघडावा, वस्तूंनी आपली जागा सोडू नये, आणि एकदा वळवलेला खिळा पुढच्या वेळी वळलेलाच यावा.

तूर्त डावी झडप पुरी झाली आहे. उजवीवर कालपर्यंत एकतीस बसले, आणि शाळा पुढच्या आठवड्यात सुरू होते. संध्याकाळचे नऊ खिळे मी बसवतो, चष्मा लावून. नात शेजारून सांगते, “आजोबा, जमीन नाही, धोके!”

कळावे,
आपला,
एक निवृत्त जुळारी
नारायण पेठ, पुणे